सांधेदुखी आणि दूरस्थ व्यायाम-मार्गदर्शन : धारणीच्या संदर्भात

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त धारणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी ज्या तरुणांनी या ट्रस्टचा पाया घातला, त्यांपैकी जे आज हयात आहेत ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. सुवर्णमहोत्सवात वास्तूचा, देणगीदारांचा, पूर्वसूरींच्या दूरदृष्टीचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. आजचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. ज्या पायांनी ही संस्था इथवर चालत आली, त्या पायांच्या गुडघ्यांविषयी आज बोलायचे आहे.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्रतिक्रमणाच्या वेळी सभामंडपात खुर्ची दिसणे अपवादात्मक होते. आज बहुतेक गावी मागच्या बाजूला खुर्च्यांची एक रांग ठरलेलीच असते आणि पर्युषणात ती लांबते. खुर्चीवर बसून सामायिक करण्यात कमीपणा काही नाही, भाव महत्त्वाचा. परंतु ज्याने आयुष्यभर मांडी घालून अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसण्याचा नियम पाळला, वंदनाला दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि मस्तक भूमीला टेकवले, त्याला खुर्ची मागताना संकोच वाटतो. काही जण तो संकोच गिळतात. काही जण येणेच बंद करतात. परतवाड्याजवळच्या मुक्तागिरीला दरवर्षी जाणाऱ्या कुटुंबांतही एक वर्ष असे उजाडते, की पायऱ्यांपाशी येऊन मुले एकमेकांकडे पाहतात आणि आजी स्वतःच म्हणतात, "तुम्ही या जाऊन, मी खाली धर्मशाळेत बसते." संधिवाताने जीव क्वचितच जातो, माणसाचे जाणे-येणे मात्र तो एकेक करून काढून घेतो. म्हणूनच त्याच्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नाही.

सांधेदुखी हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा विकार आहे, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने चालणाऱ्या पद्धतीनुसार घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांच्या वेदनेची तक्रार असल्याचे तीत आढळले. झिजेचा संधिवात सुमारे ६ टक्के प्रौढांत होता. ज्याला आमवात म्हणतात तो दाहक संधिवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ही शेतात राबणारी, डोक्यावर ओझे वाहणारी, उकिडवे बसून कामे करणारी माणसे होती. मेळघाटातील कोरकू स्त्रीचे कष्ट याहून कमी नाहीत. दुकानात दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याचे गुडघे वेगळ्या कारणाने दुखतात, पण दुखतात तितकेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना झिजेचा संधिवात होता आणि त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या.

वऱ्हाडाला आणखी एक आठवण आहे. २००६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ महाराष्ट्रात पसरली, तिने विदर्भालाही सोडले नाही. ताप चार-आठ दिवसांत उतरला. सांधे मात्र अनेकांचे महिनोन् महिने आखडलेले राहिले. धडधाकट माणसे भिंतीला धरून चालताना त्या वर्षी लोकांनी पाहिली आहेत. सांधा धरला म्हणजे दिनचर्या कशी कोलमडते, हे कळायला त्यासाठी म्हातारे व्हावे लागत नाही.

आता उपायाकडे वळावे. झिजेच्या संधिवातावर जगभरातील वैद्यकीय संस्था जो पहिला उपाय सांगतात तो गोळी नव्हे, शस्त्रक्रियाही नव्हे. तो आहे व्यायाम, आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणे. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. झिजलेली वस्तू वापरली तर आणखी झिजेल, हा साधा व्यवहार. म्हणून घरातले प्रेमाने सांगतात, "बसून राहा, आता काही करू नका." हा सल्ला जितका प्रेमाचा तितकाच घातक आहे. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो, तेव्हा आतील द्रव कूर्चेत शिरतो व बाहेर पडतो. त्यातूनच तिचे पोषण होते. हालचाल थांबली की पोषण मंदावते. शिवाय गुडघ्याचा भार पेलण्यात मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा वाटा मोठा असतो. माणूस बसून राहिला की काही आठवड्यांतच तो स्नायू लुळा पडू लागतो आणि प्रत्येक पावलाचा धक्का सरळ सांध्यावर येतो. दुखते म्हणून बसायचे, बसल्यामुळे स्नायू जातो, स्नायू गेल्यामुळे आणखी दुखते, असे हे चक्र आहे. वजनाचा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार शरीराचे वजन एक किलो उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो.

व्यायामही काही अवघड नाहीत. खुर्चीवर बसून पाय सरळ करून थोडा वेळ धरून ठेवणे, उताणे पडून सरळ पाय वीतभर उचलणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे व बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे. एवढे चार-पाच प्रकार आठवड्यातून तीन-चार दिवस नेटाने केले, तर काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो. मग सारे रुग्ण बरे का होत नाहीत? कारण पहिले आठ दिवस उत्साहाचे, नंतरचे पंधरा दिवस आठवणीचे, आणि पुढे कागद देव्हाऱ्याच्या खणात. त्या कागदावर डॉक्टरांनी काढून दिलेली चित्रे असतात. ती वाचून कोणाचा गुडघा सुधारल्याचे ऐकिवात नाही.

व्यायाम टिकतो तो कोणीतरी शिकवतो, पुन्हा पाहतो, चुकले ते सांगतो आणि पुढच्या आठवड्यात "केलेत का?" असे विचारतो म्हणून. हे काम भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे रूढ शब्दांत फिजिओथेरपिस्ट, करतात. धारणीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. वाट हरिसाल, सेमाडोह, परतवाडा अशी, घाटवळणांची आणि व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून जाणारी. पावसाळ्यात तिचा काय भरवसा, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. कोणी बऱ्हाणपूरला जातो, कोणी खंडव्याला. तज्ज्ञाने आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे यायला सांगितले तर बारा खेपा होतात. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर धरले, तर एका गुडघ्यासाठी छत्तीसशे किलोमीटर एस.टी.त बसायचे. पासष्टीच्या एखाद्या श्राविकेचे उदाहरण घ्यावे : सोबतीला मुलगा किंवा सून हवी, म्हणजे दोन तिकिटे आणि दुकानाचा एक दिवस, चौविहाराचा नियम असल्यास सूर्यास्तापूर्वी परतण्याची घाई. चार तास गुडघे मुडपून बसल्यावर जे दुखणे उद्भवते ते वेगळेच. असा उपचार तिसऱ्या खेपेनंतर बंद पडला तर दोष रुग्णाचा नाही.

मग तज्ज्ञाचे मार्गदर्शनच फोनवरून घरी आणता येईल का? हा प्रश्न जगात इतरत्रही विचारला गेला आणि त्याची काळजीपूर्वक तपासणी झाली. ऑस्ट्रेलियात लोकवस्ती विरळ, अंतरे प्रचंड. मेलबर्न विद्यापीठातील किम बेनेल, रॅना हिनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघेदुखीवर गेल्या दशकभरात या दिशेने अनेक प्रयोग केले. त्यांपैकी तीन येथे सांगण्याजोगे आहेत.

पहिला प्रयोग साध्या टेलिफोनचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला. त्यात १७५ रुग्ण होते. एका गटाला परिचारिकेकडून फोनवर माहिती व सल्ला मिळाला. दुसऱ्या गटाला त्याखेरीज भौतिकोपचारतज्ज्ञाने सहा महिन्यांत अनेकदा फोन करून व्यायाम सांगितला, त्याचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या गटाची चालण्या-उठण्याची क्षमता अधिक सुधारली; वेदनेत मात्र दोन गटांत खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही. हा निष्कर्ष प्रामाणिक आहे आणि म्हणूनच मोलाचा आहे. फोन जादू करीत नाही.

दुसरा प्रयोग २०२१ चा. २०६ रुग्णांपैकी अर्ध्यांना केवळ माहितीचे संकेतस्थळ दिले, अर्ध्यांना संकेतस्थळावर व्यायामाचा क्रम आणि सोबत मोबाइलवर आपोआप येणारे प्रोत्साहनाचे व विचारपूस करणारे संदेश. चोवीस आठवड्यांनंतर संदेश मिळणाऱ्या गटाची वेदना आणि हालचाल दोन्ही अधिक सुधारली. तिसरा, सर्वांत मोठा, २०२४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. ३९४ रुग्णांना तीन महिन्यांत भौतिकोपचारतज्ज्ञाच्या पाच भेटी मिळाल्या; काहींना दवाखान्यात प्रत्यक्ष, काहींना व्हिडिओ कॉलवर. तीन महिन्यांनंतर चालतानाची वेदना आणि शारीरिक क्षमता या दोन्ही बाबतींत व्हिडिओचा गट प्रत्यक्ष भेटीच्या गटाहून मागे पडला नाही.

हे रुग्ण इंटरनेट सहज वापरणारे होते. त्यांच्या घरी वीज जात नव्हती, तज्ज्ञाची भाषा तीच त्यांची भाषा होती. मेलबर्नचा निष्कर्ष उचलून मेळघाटात ठेवता येत नाही. परंतु एक गोष्ट तिन्ही प्रयोगांत समान दिसते. उपचार म्हणून जे काही पोहोचले ते यंत्रातून पोहोचले, पण टिकले ते पुन्हापुन्हा झालेल्या विचारपुशीमुळे. धारणीत ही विचारपूस कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

भारतातही दूरवैद्यकाची वाट नवी नाही. आंध्र प्रदेशातील अरगोंडा गावचे रुग्णालय २००० सालीच दूरच्या तज्ज्ञांशी जोडले गेले. पुढे इस्रोने उपग्रहाद्वारे दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडण्याचे काम हाती घेतले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत केंद्र शासनाने डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले आणि पुढच्याच महिन्यात 'ई-संजीवनी'ची रुग्णांसाठीची सेवा सुरू झाली. आज घरबसल्या किंवा गावच्या आरोग्य केंद्रातून तिच्यावर डॉक्टरांचा सल्ला मिळतो. याशिवाय २०२१ च्या कायद्याने भौतिकोपचारासारख्या व्यवसायांना राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले. त्यामुळे मोबाइलवर व्यायाम शिकवणारा माणूस खरोखर शिकलेला आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क रुग्णाने निःसंकोच बजावावा. गुडघे 'कायमचे बरे' करणाऱ्यांची मोबाइलवर वाण नाही.

आणि धारणी तालुक्यातील हरिसालचे उदाहरण तर घरचेच आहे. २०१६ साली राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने हरिसाल 'देशातील पहिले डिजिटल गाव' म्हणून पुढे आले. दूरवैद्यकाची सोय हा त्या प्रकल्पाचा एक भाग होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात तेथील सुविधांच्या प्रत्यक्ष स्थितीवरून राज्यभर जाहीर वाद झाला. त्या वादाचा राजकीय भाग बाजूला ठेवावा. या भागातल्या माणसाला त्यातून जे कळायचे ते कळले : तार, मनोरा आणि पडदा बाहेरून आणता येतो, रोज तो पडदा लावून रुग्णाला समोर बसवणारा माणूस गावातच असावा लागतो.

असा माणूस गावात घडवता येतो, याचेही दाखले दूर शोधायला नकोत. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी चार दशके ज्या परिस्थितीत सेवा केली ती सर्वांना ठाऊक आहे. २०१९ साली त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. उतावलीला डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्यामार्फत घरोघरी बालकांची काळजी घेण्याची पद्धत रुजवली. फार न शिकलेली स्त्रीसुद्धा नीट प्रशिक्षण मिळाले तर आजार ओळखते, नोंद ठेवते, योग्य वेळी डॉक्टरांकडे पाठवते, हे तेथे दिसले. बालकांसाठी जे जमले ते वृद्धांच्या गुडघ्यांसाठी जमू नये असे कारण दिसत नाही.

प्रत्यक्षात ही फोनवरची भेट कशी असते, हे थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होईल. कारण पुष्कळ प्रयत्न तंत्राने नव्हे, तर अशा बारीकसारीक गोष्टींनी फसतात.

नातू मोबाइल हातात धरून उभा राहतो. पडद्यावर तज्ज्ञाला आजींचा चेहरा दिसतो, कधी पंखा दिसतो. गुडघा दिसत नाही. म्हणून फोन हातात धरू नये. गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर, डब्याला टेकवून, रुग्णापासून सात-आठ फुटांवर तो ठेवावा आणि रुग्णाने त्याच्याकडे आडवी बाजू करून बसावे. म्हणजे पाय कितपत सरळ होतो, उठताना धड किती पुढे झुकते, हे दिसते. खिडकी पाठीमागे असली की नुसती काळी आकृती दिसते. उजेड समोरून यावा. खुर्ची चाकाची नको, हात असलेली आणि भिंतीला टेकवलेली हवी. प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते आणि व्यायाम राहतो बाजूला, खुबाच मोडतो. साडी पायात येणार नाही अशी खोचावी किंवा सलवार घालावी. सून वा नात जवळ असली तर संकोच कमी होतो. व्याही किंवा शेजारी पाहत असले तर आजी पाय उचलणारच नाहीत.

तज्ज्ञ प्रथम काही विचारतात : जिना चढता येतो का, शौचाला बसता येते का, मंदिरापर्यंत चालता येते का. मग एक साधी चाचणी घेतात. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजतात. हा आकडा वहीत लिहावा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजला की सातचे दहा झालेले दिसतात, आणि वेदना कमी झाली की नाही याविषयी मन साशंक असले तरी वही खोटे बोलत नाही. पाय सरळ करून किती वेळ धरायचा, याला घड्याळ नको. मनात सावकाश एक णमोकार मंत्र म्हणून पाय खाली घेतला तरी चालतो. व्यायामाला धर्मक्रियेचे रूप देऊ नये, असे काहींचे मत आहे आणि त्यातही तथ्य आहे. परंतु नियम घेणे आणि तो पाळणे ही गोष्ट या समाजाला शिकवावी लागत नाही. जगभरचे तज्ज्ञ ज्या एका अडचणीपुढे हात टेकतात, ती म्हणजे सातत्य. जो समाज वर्षानुवर्षे रात्रिभोजनत्याग पाळतो, त्याने आठवड्यातून चार दिवस पंधरा मिनिटे पाळू नयेत हे पटत नाही.

वेदनेविषयीही एक मोजमाप सांगितले जाते. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. दुखणे सहन होण्यापलीकडे गेले, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेले असले, तर संख्या निम्मी करावी. बंद करू नये. 'दुखले म्हणून सोडले' हे वाक्य फोनवर चौथ्या-पाचव्या दिवशी ऐकू येते. नेमक्या त्या दिवशी फोन गेला पाहिजे. एकदाच फोन करणे परवडत असेल, तर तो पहिल्या दिवशी न करता पाचव्या दिवशी करावा.

ज्यांच्या घरी साधा बटणांचा फोन आहे किंवा जेथे जाळे लागत नाही, तेथे चित्र जाणार नाही. आवाज जातो. एकदा प्रत्यक्ष समोर शिकवलेला व्यायाम पुढे आवाजावर चालतो, हे ऑस्ट्रेलियातील टेलिफोनच्या प्रयोगाशी जुळणारे आहे. मात्र भाषा रुग्णाची हवी. धारणीच्या बाजारात मराठी, हिंदी, कोरकू तिन्ही चालतात. अमरावतीच्या तज्ज्ञाला कोरकू येईलच असे नाही. तेथे मध्ये बसणारा स्थानिक माणूस दुभाषाही होतो.

फोनवरून काय होत नाही, हे न सांगणे अन्यायाचे ठरेल. तज्ज्ञाचा हात गुडघ्याला लागत नाही. सांधा गरम आहे का, आत पाणी आहे का, अस्थिबंध सैल झाला आहे का, हे पडद्यावर नीट कळत नाही. म्हणून पहिली तपासणी प्रत्यक्षच झाली पाहिजे. काही लक्षणांत फोनची वाटच पाहू नये. ताप येऊन एकच सांधा लाल, गरम, सुजलेला होणे. पडल्यानंतर पायावर भार न टाकता येणे. पोटरी अचानक सुजणे व दुखणे : अशा वेळी थेट उपजिल्हा रुग्णालय गाठावे. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळी उठल्यावर अर्ध्या-एक तासाहून जास्त वेळ आखडलेले राहत असतील, तर तो झिजेचा नव्हे, दाहक संधिवात असू शकतो. त्याला औषधे लागतात आणि लवकर लागतात. नुसत्या व्यायामावर ठेवले तर सांधे वाकडे होतात. त्यावर दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. आठवड्याच्या फोनमध्ये "गोळी कोणत्या वारी घेतली?" हा एक प्रश्न जरी विचारला गेला तरी फोनचा खर्च वसूल झाला असे समजावे.

समाजात आणखी एक विषय बोलला जात नाही. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत आणि शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. चौविहार उपवास, अट्ठाई, त्याहून मोठी तपश्चर्या करणाऱ्यांपैकी अनेक जण गुडघ्यांसाठी या गोळ्या नियमाने घेत असतात. गोळी उपवासाच्या आदल्या संध्याकाळी भरपूर घेऊन ठेवणे, किंवा आमवाताचे मूळ औषध पर्युषणभर बंद करणे, ही दोन्ही टोके टाळावीत. तपश्चर्या करावी की नाही हा सल्ला डॉक्टरांनी द्यायचा नाही आणि गोळी कोणती सोडावी हा निर्णय तपस्व्याने एकट्याने घ्यायचा नाही. चातुर्मासाच्या आरंभीच एक फोन करून दोघांनी हे ठरवून घ्यावे.

साधू-साध्वी भगवंतांचा प्रश्न याहून नाजूक आहे. वर्षातील आठ महिने अनवाणी विहार, उन्हाळ्यात तापलेली डांबरी सडक, आणि वय वाढले तरी वाहनाचा त्याग. गुडघे कोणाचे झिजत असतील तर त्यांचे. परंपरेने ते फोन आणि विजेची उपकरणे वापरत नाहीत. त्यांच्यासमोर पडदा धरणे हा त्यांच्या व्रताचा अवमान ठरेल. येथे एकच मार्ग संभवतो. शिकलेल्या एखाद्या श्राविकेने तज्ज्ञाकडून व्यायाम स्वतः आपल्या घरी शिकून घ्यावेत आणि उपाश्रयात जाऊन, महाराज साहेबांची अनुज्ञा असेल तरच, साध्वीजींना ते दाखवावेत. साधू महाराजांच्या बाबतीत हे काम श्रावकाने करावे. कायोत्सर्गात उभे राहण्याची, निरनिराळ्या आसनांत बसण्याची जी परंपरा आहे, तिच्याशी हे व्यायाम विसंगत नाहीत. पुढचे त्यांनी ठरवायचे.

सज्जनहो, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आरोग्य शिबिर घ्यावे अशी सूचना प्रत्येक गावी होते. शिबिरात मंडप पडतो, दोनशे माणसे तपासली जातात, गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात, फोटो निघतात. अकराव्या दिवशी गोळ्या संपतात. शिबिर वाईट नाही. ते पहिल्या तपासणीसाठी आवश्यकच आहे. परंतु संधिवात हा वर्षानुवर्षांचा सोबती आहे आणि त्याला एका रविवारी निरोप देता येत नाही. शिबिराचा अर्धा खर्च मागे ठेवून त्यातून वर्षभर एका तज्ज्ञाचे मानधन आणि दोन सोबत्यांचा प्रवासखर्च भागवला, तर गोळ्या संपल्यानंतरही कोणीतरी विचारणारे उरेल.

यासाठी नवीन इमारत लागत नाही. भवनातील एक खोली, दोन मजबूत खुर्च्या, एक स्टूल, एक बऱ्यापैकी मोठ्या पडद्याचा मोबाइल आणि एक जाड वही पुरेशी आहे. तज्ज्ञाने दोन-तीन महिन्यांतून एकदा धारणीला प्रत्यक्ष यावे, नवे रुग्ण तपासावेत. मधल्या काळात ठरलेल्या वारी पडद्यावर भेटावे. समाजातील दोन-तीन तरुण-तरुणींनी सोबती म्हणून ही जबाबदारी घ्यावी. त्यांनी उपचार सुचवायचे नाहीत; फोन लावायचा, आकडा लिहायचा, पाचव्या दिवशी विचारायचे आणि धोक्याचे लक्षण दिसले की डॉक्टरांना कळवायचे. त्या खोलीत समाजाबाहेरची माणसेही यावीत. बाजाराच्या दिवशी डोक्यावर भार घेऊन मैलोन् मैल चालत येणाऱ्या कोरकू बाईचे गुडघे वेगळ्या हाडांचे नसतात, आणि तिच्यासाठी अमरावती त्याहूनही दूर आहे.

आरंभ मात्र घरापासूनच करावा लागेल. पूर्वी रोज दर्शनाला येणारे आणि आता न येणारे किती जण आहेत, याची यादी कोणत्याही संस्थेच्या दप्तरात नसते; पुजाऱ्याला आणि शेजारणींना ती तोंडपाठ असते. विश्वस्तांनी या आठवड्यात त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्यावी. त्यातील पहिल्या नावाला सोमवारी सकाळी फोन जावा आणि फोनवर प्रथम इतकेच विचारले जावे, की उठताना कोणता गुडघा जास्त दुखतो.

जय जिनेन्द्र.